घोड्याच्या कपाळावरचे तीन दाणे

तीन दाणे! तुम्हाला सांगते, फक्त तीन दाणे, आणि तेसुद्धा मी लावलेले नाहीत! बारा आऱ्यांचं चाक केलं मी, योद्ध्याच्या हाताची पाच बोटं सुईच्या टोकाने सुटी केली मी, घोड्याच्या नाकपुड्या फुगलेल्या दिसाव्यात म्हणून दोन दिवस मान मोडून बसले मी, आणि कौतुक कशाचं झालं, तर त्या तीन दाण्यांचं! तुम्ही म्हणाल, ही मुलगी आज एवढी बोलते कशी, वर्गात तर हिचं 'हजर' पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. खरं आहे. मी बोलत नाही, मी नुसती बघत असते. आणि मला आपलं वाटायचं की बाकीचेही बघत असतील, देवाने त्यांनाही दोन दोन डोळे दिलेत, आमच्या मुळे सरांना तर वर चष्मासुद्धा दिलाय... पण बघतंय कोण!

मुळे सर म्हणजे आमचे चित्रकलेचे सर. राहुरीहून सायकलवर आमच्या गावी येतात, फळ्यावर एक कलश काढतात, आणि खुर्चीत बसून पेपर वाचतात. पाचवीत कलश, सहावीत कलश, आता मी दहावीत आहे तरी तोच कलश, आणि तो अजून डावीकडे कललेलाच आहे! तर हे सर गेल्या श्रावणात वर्गात आले ते असे, जणू दिल्लीहून बोलावणं आलंय. काय, तर नगरला त्यांच्या ओळखीचे दत्तोपंत म्हणून गृहस्थ आहेत, ते साच्यातून गणपती काढतात, आणि त्यांच्या डोक्यात आलंय की शाळेच्या मुलांसाठी एक खोका काढायचा. खोक्यात प्लॅस्टरचे सुटे भाग, घरी न्यायचे, डिंकाने जोडायचे, रंगवायचे, की तयार झाला प्राचीन काळचा योद्धा आणि त्याचा रथ! आता साचा घ्यायचा तर आधी मातीचा नमुना पाहिजे. बोटभर योद्धा, वीतभर रथ, दोन घोडे. "कोण करील?" सरांनी विचारलं. सगळ्या मुलांनी हात वर केले. मुलांचं काय, कुठल्याही प्रश्नाला त्यांचे हात वरच असतात, उत्तर विचारलं की खाली येतात. आठ दिवसांनी त्यांनी जे काही आणलं ना, ते तुम्ही बघायला हवं होतं. एकाचा रथ म्हणजे भाजीची टोपली, आणि एकाचा योद्धा घोड्यापेक्षा मोठा, म्हणजे वेळ आलीच तर त्यानेच घोड्यांना उचलून न्यायचं! मग सरांना आठवलं. "ती पोळ्याचे बैल करणारी मुलगी कुठंय? चांगुणा! उभी राहा." मी उभीच होते हो. आधीच्या तासाला बाई आल्या तेव्हा उभी राहिले होते, त्यांनी बसा म्हटलंच नव्हतं, त्या गेल्या, सर आले, तरी मी आपली उभीच. पण बघतंय कोण!

घरी सांगितलं तर आबा ओट्यावर बसले होते. आबासाहेब म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घरात वडील काम करतात आणि आबा बोलतात. आबा म्हणाले, "चांगुणे, धाव्वीतली पोरगी तू, आन चिकूल कालवीत बसनार? तुज्या वयाच्या पोरी सैपाक करून शेतात भाकरी नेत्यात." मग म्हणाले, "बरं, मास्तरांचा शबुद हाय, कर. पर ध्यानात ठिव. नगरच्या लोकांनी पसंत केलं, तर पुढच्या साली तुला त्या चित्राच्या परीक्षेला बसवतो. न्हाई केलं, तर ह्ये चिखलाचं उद्योग बंद, आन शिवणक्लास." शिवणक्लास! तुम्ही आमच्या गावचा शिवणक्लास बघितलेला नाही म्हणून शांत बसलात. तिथल्या बाई वर्षभर एकच झबलं शिकवतात. शिवायचं, उसवायचं, परत शिवायचं. माझी मैत्रीण तिथे दोन वर्षं आहे, आता तिला झोपेतसुद्धा झबलं उसवता येतं. इकडे चित्रकलेची इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा, नगरला जायचं, मोठ्या कागदावर मोकळ्या हाताने काढायचं, आणि तिकडे ते झबलं! आता कळलं ना मी दोन दोन दिवस नाकपुड्या का फुगवत होते?

मग मी कामाला लागले. माती कुठली घेतली? दुष्काळात गावतळं आटलं तेव्हा तळातला निळसर गाळ मी हंडाभर काढून ठेवला होता. सगळं गाव खडी फोडायला गेलं होतं आणि ही पोरगी चिखल जपते, म्हणून सगळे हसले होते तेव्हा. त्या गाळात कापूस कुटून घातला, म्हणजे वाळताना तडा जात नाही. आणि चाक! चाकासाठी मी तीन दिवस आमच्या बैलगाडीखाली बसले होते. चाकाचा आरा सगळीकडे सारखा जाड नसतो, मधल्या तुंब्यापाशी जाड असतो आणि बाहेरच्या लोखंडी धावेकडे निमुळता होत जातो. ज्या माणसांनी जन्मभर गाडी हाकली त्यांना विचारा बरं, एकालाही सांगता यायचं नाही. मातीचा तसा आरा टिकेना, मोडायचा. मग एकदा पायात बाभळीचा काटा मोडला, काढून हातात घेतला, आणि म्हटलं अगं बाई, हाच की आरा! बुडाशी जाड, टोकाला बारीक. सारख्या मापाचे चोवीस काटे गोळा केले, बारा या चाकाला, बारा त्या चाकाला, आणि मधल्या तुंब्याला आरपार भोक, त्यात काडीचा कणा. फुंकर मारली की चाक फिरायचं! खरोखर फिरायचं हो, थांबताना एकदा मागे यायचं आणि मग थांबायचं.

घोडा बघायला राहुरी स्टेशनवर गेले, टांग्याचा. अर्धा तास त्याच्या तोंडासमोर उभी. टांगेवाला म्हणाला, "काय गं पोरी, घोडं इकत घेती का काय?" मी काय सांगणार, नाकपुडी मोजतेय म्हणून? आणि योद्धा! त्याच्यापायी तर सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं. आबा म्हणाले, "डोस्क्याला फेटा बांद, बोडका कसा लडाईला जाईल?" माझी थोरली काकी, लंकाबाई, म्हणाली, "आगं उगड्या आंगाचा बाप्या करती व्हय? येक सदरा तरी घाल त्येला!" आणि सर म्हणाले, "चांगुणा, याचे गुडघे का वाकलेत? हा योद्धा आहे की संधिवाताचा म्हातारा?" आता सांगा! तुम्ही कधी पळत्या गाडीत उभे राहिलात का? गुडघे ताठ ठेवले तर पहिल्याच खड्ड्यात माणूस खाली! आमचे वडील रिकाम्या गाडीत उभं राहून बैल पळवतात तेव्हा त्यांचे गुडघे असेच वाकलेले असतात, डावा थोडा पुढे. सरांचा योद्धा म्हणजे कॅलेंडरवरचा, रथ पळतोय, घोडे उधळलेत, आणि हा आपला विजेच्या खांबासारखा सरळ, गालावर लाली, केसाची बटसुद्धा हलत नाही. मी 'हो सर' म्हटलं आणि गुडघे वाकलेलेच ठेवले. परत दाखवायला नेलं तर सर म्हणाले, "हां, आता कसा ताठ उभा आहे!" पण बघतंय कोण!

आणि मग आला पोळा.

मी रथ वळचणीखालच्या कोनाड्यात ठेवला होता, ओल्या फडक्याखाली, कारण घोड्यांची आयाळ व्हायची होती आणि त्यासाठी माती ओलसर हवी होती. मी विहिरीवर धुणं घेऊन गेले. आले तर कोनाडा रिकामा! बघते तर काकीने पाट मांडलाय, पाटावर मीच केलेले पाच मातीचे बैल ओळीने, आणि त्या बैलांच्या शेवटी... माझे घोडे! रथासकट! योद्ध्यासकट! हळद लावलीय, कुंकू लावलंय, तोंडाला पुरणपोळी टेकवलीय, आणि काकी हात जोडून उभी. म्हटलं, "काकी, हे घोडे आहेत!" तर म्हणाली, "मंग? घोडं झालं म्हनून काय, जित्राबच हाय त्ये. बैलांचा सन करायचा आन त्येनी शेजारी बसून नुसतं बगायचं व्हय?" मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक घोड्याच्या कपाळावर तीन तीन लाल गोटे! "हे काय लावलंस?" "अक्षता." "एवढ्या जाड?" "आगं, घरात तांदूळ कुटं हाय? मिलो घेतला चिमूटभर, कुकू लावलं. घरंगाळाया लागलं, मंग आंगठ्यानं दाबलं."

मिलो तुम्हाला ठाऊकच आहे. ती रेशनची परदेशी ज्वारी, लालभडक, भाकरी केली तर पोटात दगड. दुष्काळ सरला, पाऊस आला, पण रेशनला मिलो तो मिलोच. तर तो मिलो, अंगठ्याने दाबून, ओल्या मातीत! घोड्याचं कपाळ ते केवढं, आणि दाणे केवढे! माणसाच्या कपाळावर तीन लिंबं बसवावीत तसं दिसत होतं. मी काढायला गेले तर काकीने हातावर चापट मारली, "सनाच्या दिशी अक्षता काढत्यात का? उंद्या काड." आणि उद्या? उद्या पहाटे सहाला मुळे सर दारात हजर! कारण काय, तर त्यांना नगरहून शाळेचा गणपती आणायचाच होता, दत्तोपंतांकडूनच, मग एकाच फेरीत दोन्ही कामं. एरवी हे सर पहिल्या तासाला कधी वेळेवर आलेले नाहीत!

मी रथ टोपलीत ठेवला, खाली कडबा, वर फडकं, आणि टोपली मांडीवर घेऊन यष्टीत बसले. दाणे रात्रीतून पक्के वाळले होते. नखाने एक हलवून बघितला तर कपाळाचा टवकाच निघायला लागला. सर सगळ्या यष्टीला सांगत होते, "आमच्या मार्गदर्शनाखाली केलाय." मी म्हटलं, "सर, ते दाणे..." सर म्हणाले, "भूक लागली का? नगरला शेंगदाणे घेऊ."

दत्तोपंतांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीला तीन दिवस राहिलेले, जिकडेतिकडे फळ्यांवर गणपतीच गणपती, रंग दिलेले, सोंड वाळायची राहिलेले, आणि एका फळीवर डोळे काढायचे राहिलेले. तुम्हाला खरं सांगते, त्या सगळ्या कारखान्यात त्या बिनडोळ्यांच्या गणपतींनाच काय ते दिसत असेल. दत्तोपंतांनी फडकं काढलं, आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या! हात जोडले! "अहो मास्तर, याची तर पूजा झालेली दिसते." सर म्हणाले, "हो, म्हणजे, आमच्या शाळेची पद्धतच आहे ती." शाळेची पद्धत! मग मी तोंड उघडलं. समोर झबलं दिसत होतं, म्हणून उघडलं. म्हटलं, "ते दाणे काढायचेत. साचा घ्यायच्या आधी." दत्तोपंत माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी गणपतीची सोंड मागितली! "काय म्हणालीस? अक्षता काढायच्या? मुली, तीस वर्षं मी मूर्ती घडवतोय, पूजा झालेल्या वस्तूवरची अक्षता मी खरवडीन? हाताला काही झालं म्हणजे? तू काळजीच करू नकोस. जसाच्या तसा साचा घेतो. एक दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही!" आणि 'जसाच्या तसा' म्हणताना उजव्या हाताने त्यांनी काय केलं असेल? सुरी घेतली आणि माझ्या चाकातले काटे, टक, टक, टक... "हे मात्र चालायचं नाही हं मास्तर, साच्यातून सुटायचे नाहीत, मोडतील. आपण चाक भरीव करू." चोवीसच्या चोवीस काटे जमिनीवर! चाकाच्या बाबतीत त्यांच्या हाताला काही झालं नाही. चाकावर कुंकू नव्हतं ना! मी बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बघतंय कोण!

दिवाळीनंतर खोका आला. झाकणावर चित्र, तोच कॅलेंडरवाला, ताठ, गालावर लाली. आत दहा तुकडे. चाक म्हणजे भाकरी हो, भाकरी! वरून खिळ्याने चार रेघोट्या ओढलेल्या. कणा गेला, भोक गेलं, चाक रथाला डिंकाने चिकटवायचं, म्हणजे फिरायचा प्रश्नच नाही. योद्ध्याच्या पायांमधली फट साच्याला अडते म्हणून बुजवलेली, त्यामुळे तो गुडघे वाकवून स्टुलावर बसल्यासारखा दिसत होता, पोष्टात तिकिटं विकायला. पाच बोटांचा मिळून एक गोळा. नाकपुड्या गायब. आणि घोड्यांच्या कपाळावर, स्वच्छ, टपोरे, अगदी मिलोच्या टोकावरच्या ठिपक्यासकट... तीन दाणे!

मी आपलं मनाशी शिवणक्लासला गेलेसुद्धा. जानेवारीत नगरला खेळण्यांचं प्रदर्शन होतं, तिथे दत्तोपंतांनी रथ मांडला, आणि पसंत की नापसंत ते ऐकायला आबा स्वतः धोतर पालटून आले. मी मागे, खांबाशी. परीक्षक मुंबईचे, खांद्याला झोळी, हातात भिंग. ते एकेका टेबलापाशी थांबत होते आणि नुसतं 'हं' म्हणत होते. आमच्या टेबलापाशी आले. रथ उचलला. भाकरी बघितली, 'हं'. स्टुलावरचा योद्धा बघितला, 'हं'. मी डोळे मिटले. आणि मग आवाज आला, "अरे वा!" भिंग घोड्याच्या कपाळावर! "तीन मोत्यांचं ललाटपदक! काय अभ्यास आहे! हल्ली कोण एवढ्या बारकाईने बघतं? हे कुणी सुचवलं?" मुळे सर एक पाऊल पुढे, "मीच. म्हणजे, जुने ग्रंथ चाळावे लागले." दत्तोपंत त्यांच्यापुढे, "मी तर आधीच म्हणालो होतो, एक दाणा... एक मोती इकडचा तिकडे होऊ देणार नाही!" आणि आमचे आबा, ज्यांनी तो रथ घरात एकदाही धड बघितला नाही, ते म्हणतात, "आमच्या घरान्यात पयल्यापास्नं घोडी हुती. आमाला म्हाईत आसतंय ह्ये." पहिलं बक्षीस! जुने ग्रंथ म्हणे! जुनं रेशनकार्ड चाळलं असतं तर लगेच सापडलं असतं!

परत येताना यष्टीत आबा म्हणाले, "शबुद तो शबुद. पोरगी परीक्षेला बसंल." म्हणजे परीक्षा मिळाली, झबलं टळलं. आनंदच झाला पाहिजे ना? पण कशामुळे मिळाली, तर मिलोमुळे. माझ्या हातून झालं त्यातलं काहीच उरलं नाही, आणि चुकून झालं ते भिंगाखाली!

घरी आल्यावर मी तणतणत तो खोक्यातला रथ काकीपुढे ठेवला. म्हटलं, "बघ, तुझ्या अंगठ्याला पहिलं बक्षीस मिळालं." काकीने हातातलं सूप ठेवलं, रथ उचलला, दाण्यांकडे बघितलंच नाही. उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "चांगे, तुजी चाकं कुटं गेली गं?"

म्हटलं, "कुठली चाकं?"

"ती काट्याची. भिंगरीवानी फिरायची. पूजा करताना म्या फिरवून बगितली हुती, दोनदा." आणि मग अपराध्यासारखी म्हणाली, "म्हनूनच चाकाला कुकू लावलं न्हाई म्या. म्हनलं, ओलं कुकू हाय, चिकटून बसलं तर पोरीचं चाक फिरायचं थांबंल."

ऐकलंत? साऱ्या नगर जिल्ह्यात एका बाईने चाक बघितलं. आणि ते फिरत राहावं म्हणून कुंकू लावलं नाही. आणि कुंकू नव्हतं, म्हणूनच दत्तोपंतांनी ते काढून टाकलं! आता यावर रागवायचं तरी कुणावर?

तर आता दत्तोपंतांचं पत्र आलंय. पुढचा खोका हत्तीचा. 'अंबारीसह हत्ती करावा, बाकी कसाही चालेल, परंतु कपाळावर ते तीन मोती अवश्य यावेत.' मी करतेय. कानाची कड फाटकी असते ती केलीय, पायाची नखं केलीत, गुडघ्यामागच्या सुरकुत्यासुद्धा केल्यात, आणि त्यातलं काय काय टिकणार ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून काल काकीला सांगितलं, "पोळा असो नसो, पूजेचं ताट आण. आणि या वेळी सोंडेपासून शेपटीपर्यंत कुंकू-अक्षता लाव, एक सुरकुती सोडू नकोस."

काकीने हत्तीकडे बघितलं, मुठीतल्या मिलोकडे बघितलं, आणि म्हणाली, "येवढा पुरंल का गं?"

म्हटलं, "पुरेल की. रेशनला अजून तोच येतोय."